भीती, चिंता, निराशा यांमागचे न्यूरॉन कसे ओळखतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंदराच्या मेंदूचे काप रंगवायचे आणि त्यातल्या पेशी मोजायच्या, हे काम मी बरीच वर्षं केलं. घरची माणसं, कॉलेजातली मुलं, व्याख्यान संपल्यावर मागे थांबणारे श्रोते, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

‘भीतीचा न्यूरॉन’ असं काही खरंच असतं का?

नाही. न्यूरॉन म्हणजे मेंदूतली संदेश नेणारी पेशी. एकटा न्यूरॉन भीत नाही. तो काही पेशींकडून संदेश घेतो आणि काही पेशींना देतो, एवढंच त्याचं काम. भीती म्हणजे अशा हजारो पेशींनी मिळून केलेला खटाटोप: छाती धडधडते, पाय जागच्या जागी थिजतात, कान टवकारले जातात. आणि ‘मला भीती वाटते आहे’ ही जाणीव ही आणखी वेगळी गोष्ट. भीतीच्या सर्किटवर आयुष्य घालवलेले न्यूयॉर्कचे जोसेफ लडू यांनी 2014 मध्ये आग्रहाने मांडलं की, उंदरात आपण मोजतो ती धोक्याची ओळख आणि बचावाची हालचाल; तिला सरसकट भीती म्हणू नये. मला हे पटतं. पुढे मी सोयीसाठी ‘भीती’ लिहिणार आहे, पण वाचताना हा फरक लक्षात असू द्या.

मग न्यूरॉनची वर्गवारी करतात तरी कशावरून?

आपल्याकडे नवा माणूस भेटला की तीन प्रश्न ठरलेले असतात: आडनाव काय, गाव कुठलं, काम काय करता? न्यूरॉनलाही आपण हेच विचारतो.

आडनाव म्हणजे पेशीत कोणती जनुकं चालू आहेत, त्यावरून ती कोणती प्रथिनं बनवते. गाव म्हणजे तिची तार कुठून येते आणि कुठे जाते. काम म्हणजे प्राण्यावर प्रसंग आला तेव्हा ती पेशी पेटली, म्हणजे विजेचे ठोके देऊ लागली, की गप्प बसली.

या सगळ्याच्या आधीची, सगळ्यांत जुनी ओळख चेहऱ्याची, म्हणजे आकाराची. 1873 मध्ये इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी चांदीच्या क्षाराने मोजक्याच पेशी काळ्याभोर रंगवण्याची रीत शोधली. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी ती वापरून आयुष्यभर पेशींची चित्रं काढली. 1906 चं नोबेल दोघांना विभागून मिळालं. पण भावनांच्या बाबतीत चेहऱ्यावरून फारसं कळत नाही. शेजारी शेजारी बसलेल्या, दिसायला अगदी सारख्या दोन पेशींपैकी एक प्राण्याला पळायला लावते आणि दुसरी अन्नाकडे ओढते.

खरी अडचण वेगळीच आहे. आडनाव, गाव आणि काम यांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. एका आडनावाची माणसं दहा गावांत असतात आणि एका गावात दहा आडनावं नांदतात. आमच्या क्षेत्रातली बरीचशी मेहनत, आणि बरेचसे वादही, या न जुळण्यातून आलेले आहेत.

हे सर्किट मेंदूत नेमकं कुठे आहे?

एका जागी नाही. सगळ्यांत जास्त अभ्यास झाला तो अमिग्डालाचा. कानशिलाच्या आत खोलवर दोन्ही बाजूंना असलेला हा बदामाच्या आकाराचा पुंजका. नावही बदामासाठीच्या ग्रीक शब्दावरून पडलं. त्याच्या बाहेरच्या भागात आवाज, वेदना अशा बातम्या येऊन मिळतात आणि मधल्या भागातून हुकूम बाहेर जातात. ते हुकूम मध्यमेंदूतल्या, थिजणं आणि पळणं घडवणाऱ्या पेशींकडे पोचतात, तसेच शरीराचा आतला कारभार पाहणाऱ्या हायपोथॅलॅमसकडेही. लांबत जाणाऱ्या, कारण नीट न दिसणाऱ्या चिंतेत अमिग्डालाचा शेजारी असलेला बीएनएसटी नावाचा भाग आणि आठवणी धरून ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पसचं खालचं टोक यांचा मोठा हात असतो. निराशेसाठी हॅबेन्युला, शरीरावरच्या संकटाची घंटा वाजवायला पॅराब्रेकियल केंद्रक (इथे केंद्रक म्हणजे मेंदूतला पेशींचा पुंजका). या दोघांवर पुढे लिहिलं आहे.

‘आडनावा’वरून काम कळतं का? एखादं उदाहरण द्या.

माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण पीकेसी-डेल्टा या प्रथिनाचं. जरा सावकाश सांगतो, कारण वर्गवारीचं सगळं दुखणं यात दिसतं.

अमिग्डालाच्या मधल्या भागाला मध्य अमिग्डाला म्हणतात. इथल्या जवळजवळ सगळ्या पेशी दडपणाऱ्या, म्हणजे पुढच्या पेशीला गप्प करणाऱ्या. 2010 मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले, एक अमेरिकेतल्या कॅलटेकच्या डेव्हिड अँडरसन यांच्या गटाचा आणि दुसरा स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या आंद्रेयास ल्यूथी यांच्या गटाचा. मध्य अमिग्डालाच्या बाहेरच्या कप्प्यातल्या साधारण निम्म्या पेशी पीकेसी-डेल्टा बनवतात. उंदराला आधी आवाज ऐकवून मग पायाला हलका शॉक देण्याची सवय लावली, की पुढे नुसता आवाज आला तरी तो थिजतो. त्या आवाजाला या कप्प्यातल्या काही पेशी जास्त पेटतात आणि काही गप्प होतात. गप्प होणाऱ्या निघाल्या त्या पीकेसी-डेल्टावाल्या. त्या एरवी हुकूम देणाऱ्या पेशींना दाबून ठेवतात. त्या गप्प झाल्या की हुकूम सुटतो आणि उंदीर थिजतो. थोडक्यात, दडपणाऱ्याला कुणीतरी दडपलं की दार उघडतं. 2013 मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेच्या बो ली यांच्या गटाने शेजारच्या, सोमॅटोस्टॅटिन हे प्रथिन बनवणाऱ्या पेशींची उलटी बाजू दाखवली. शिकल्यानंतर त्यांच्याकडे येणाऱ्या जोडण्या बळकट होतात आणि त्या पेटल्या की उंदीर थिजतो.

चित्र किती छान बसलं! पीकेसी-डेल्टा म्हणजे भीतीला ब्रेक आणि सोमॅटोस्टॅटिन म्हणजे ॲक्सिलरेटर. आम्ही विद्यार्थ्यांना फळ्यावर असंच काढून दाखवायचो.

मग पुढची वर्षं आली. 2014 मध्ये कळलं की याच पीकेसी-डेल्टा पेशी पोट भरल्यावर आणि आजारपणात भूक मारतात. 2017 मध्ये दिसलं की शॉक बसतो त्या क्षणी त्याच पेटतात, आणि त्यांना गप्प केलं तर उंदीर धडा नीट शिकत नाही. म्हणजे ब्रेक म्हणावा तर तो शिकवतोही आहे. 2019 मध्ये मज्जातंतूला इजा झालेल्या उंदरांत याच पेशी वेदना वाढवताना दिसल्या आणि सोमॅटोस्टॅटिनवाल्या ती कमी करताना. तिकडे ल्यूथींच्याच गटाने 2017 मध्ये दाखवलं की सोमॅटोस्टॅटिनवाल्या थिजवतात, तर सीआरएफ हे प्रथिन बनवणाऱ्या त्यांच्या शेजारणी पळायला लावतात, आणि दोघी एकमेकींना दाबायला बघतात.

यातला एकही प्रयोग खोटा नाही. पण ‘पीकेसी-डेल्टा’ हे आडनाव एका घराचं नव्हतंच, त्याखाली बरीच घरं होती. आज कुणी मला ‘अमुक प्रथिनाची पेशी म्हणजे अमुक भावना’ असं एका ओळीत सांगितलं, तर मी आधी विचारतो: कुठल्या कप्प्यातली, तार कुठे जाणारी, आणि कोणत्या प्रसंगात मोजलेली?

आणि ‘गावा’वरून?

काही बाबतींत गाव आडनावापेक्षा जास्त बोलकं ठरलं. अमिग्डालाच्या बाहेरच्या, तळाकडच्या भागात सुखाच्या आणि दुःखाच्या पेशी मीठ-मिरीसारख्या मिसळलेल्या असतात. के टाय यांच्या गटाने, तेव्हा त्या एमआयटीत होत्या, 2015 मध्ये या पेशी, तार कुठे जाते यावरून, वेगळ्या केल्या. न्यूक्लिअस अकम्बेन्स या बक्षिसाशी निगडित भागाकडे जाणाऱ्या पेशी पेटवल्या तर उंदीर ती गोष्ट पुन्हा मागतो. मध्य अमिग्डालाकडे जाणाऱ्या पेटवल्या तर ती जागा टाळतो. भीतीचा धडा शिकल्यावर दुसऱ्या वाटेच्या जोडण्या बळकट झाल्या आणि पहिलीच्या कमजोर. गोड पाण्याचा धडा शिकवला तेव्हा बरोबर उलटं झालं.

पुढच्याच वर्षी सुसुमु तोनेगावा यांच्या गटाने आडनावाची बाजू पुन्हा मांडली: आरस्पो-2 हे जनुक चालू असलेल्या पुढच्या भागातल्या पेशी अप्रिय गोष्टींच्या, मागच्या भागातल्या प्रिय गोष्टींच्या. याच गटाचा 2014 चा प्रयोग मला त्याहून मोलाचा वाटतो. हिप्पोकॅम्पसमधल्या, एका विशिष्ट जागेची आठवण धरून ठेवणाऱ्या पेशी त्यांनी खुणेने पकडल्या. ती आठवण आधी शॉकशी जोडलेली होती. मादीच्या सहवासात त्याच पेशी पुन्हा पेटवल्यावर ती आठवण प्रिय झाली. अमिग्डालातल्या पेशींबाबत हे जमलं नाही. त्यांची बाजू पक्की राहिली. कुठली पेशी बाजू बदलू शकते आणि कुठली नाही, हाही वर्गवारीचा एक निकष झाला.

पेशी ‘पेटवतात’ म्हणजे नक्की काय करतात?

एका हिरव्या शेवाळात प्रकाश पडताच उघडणारं प्रथिन असतं, चॅनेलऱ्होडॉप्सिन. त्याचं जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूत भरून, हव्या त्या आडनावाच्या पेशींतच चालू होईल अशी व्यवस्था करून, मेंदूत सोडतात. काही आठवड्यांनी केसासारख्या बारीक काचतंतूतून निळा प्रकाश दिला की त्याच पेशी पेटतात. 2005 मध्ये स्टॅनफर्डला कार्ल डायसरॉथ, एड बॉयडन आणि सहकाऱ्यांनी हे न्यूरॉनमध्ये करून दाखवलं. तोपर्यंत आम्ही पेशी पेटली आणि उंदीर थिजला एवढंच एकत्र पाहू शकत होतो. कुणामुळे काय झालं, हे त्यानंतर विचारता येऊ लागलं.

कोणती पेशी ‘काम’ करत होती, हे मेलेल्या कापात कसं दिसतं?

न्यूरॉन जोरात पेटला की त्याच्यात फॉस नावाचं प्रथिन तयार होतं. त्याचं प्रमाण तासा-दीड तासात कळसाला पोचतं. म्हणून प्रसंग झाल्यावर नव्वद मिनिटं थांबायचं, मग मेंदू काढायचा.

गोठवलेला मेंदू यंत्रावर 40 मायक्रॉन जाडीने कापतात. काप इतका नाजूक असतो की चिमट्याने धरला तर फाटतो. आम्ही तो चित्रकलेच्या शून्य नंबरच्या ब्रशने उचलायचो. तो द्रावणात तरंगतो, कडा आत वळतात, एखाद्या वेळी नीट पसरायलाच पाच मिनिटं जातात. रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की प्रत्येक पेशीचं केंद्रक निळं, पीकेसी-डेल्टा हिरवं आणि फॉस लाल. हिरव्या अंगाच्या आत लाल केंद्रक दिसलं तर एक मोजायची. लाल आहे पण हिरवं फिकट आहे, ती मोजायची की नाही? अशा पेशी प्रत्येक कापात असतात. म्हणून कोणता उंदीर कोणत्या गटातला, हे मोजणाऱ्याला सांगायचं नसतं, आणि तेच काप दोघांनी वेगवेगळे मोजायचे असतात.

एकूण किती प्रकार आहेत?

डिसेंबर 2023 मध्ये उंदराच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. सिअ‍ॅटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटने साधारण 40 लाख पेशींची चालू जनुकं एकेक करून वाचली आणि 5,322 गट पाडले. त्यांत न्यूरॉन नसलेल्या पेशीही आहेत, पण बहुतेक गट न्यूरॉनचेच.

आकडा ऐकून लोक चकित होतात. माझं मत असं, की ही शहराची मतदारयादी आहे. ती लागतेच, तिच्याशिवाय सुरुवातच होत नाही. पण कोण कुणाशी बोलतं आणि आग लागल्यावर कोण धावतं, हे तिच्यात लिहिलेलं नसतं. दोन गट वेगळे म्हणायला किती फरक पुरेसा, हे शेवटी माणूसच ठरवतो.

निराशा, किळस, दुखणं यांचं काय? सगळं भीतीवरच का बोलता?

तक्रार रास्त आहे. भरतमुनींच्या आठ स्थायीभावांत शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा असे चार तरी याच बाजूचे आहेत, आणि आम्ही त्यातल्या एकावरच ठाण मांडलं. कारण साधं आहे: थिजलेला उंदीर सेकंदांत मोजता येतो, खिन्न उंदीर मोजता येत नाही. तरी बाकीच्यांवरही काम झालं आहे.

2007 मध्ये मासायुकी मात्सुमोतो आणि ओकिहिदे हिकोसाका यांनी माकडांत दाखवलं की बक्षीस मिळणार नाही अशी खूण दिसताच हॅबेन्युलाच्या बाहेरच्या भागातले न्यूरॉन पेटतात आणि बक्षिसाची खबर देणाऱ्या डोपामिनच्या पेशी गप्प होतात. 2018 मध्ये चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या हू हायलान यांच्या गटाने पाहिलं की हताश झालेल्या उंदरांत हे न्यूरॉन एकेक ठोका न देता झुबक्याने ठोके देतात. केटामिन हे औषध थेट तिथे सोडलं की झुबके थांबतात आणि हताशपणा लगेच उतरतो. म्हणजे वर्गवारीत पेशी कोणती याबरोबर ती कोणत्या तालात बोलते, हेही आलं.

पॅराब्रेकियल केंद्रकातल्या सीजीआरपी हे प्रथिन बनवणाऱ्या पेशींवर सिअ‍ॅटलच्या रिचर्ड पाल्मिटर यांनी बरंच काम केलं. या पेशी शॉक, खाज, आजारपण, अनोळखी अन्न, अशा नाना कारणांनी पेटतात. त्यांना ‘वेदनेच्या पेशी’ म्हणणं तोकडं पडतं. गावातली घंटा जशी आगीलाही वाजते आणि पुरालाही, तसं आहे ते.

वेदनेवरचा 2019 चा स्टॅनफर्डचा प्रयोगही सांगायला हवा. अमिग्डालातल्या पेशींचा एक ठरावीक संच गप्प केला तर टोचल्यावर उंदीर पाय मागे घेतो, पण नंतर तो चाटत बसत नाही, पळवाट शोधत नाही. टोचलं हे कळतं, त्याचा जाच होत नाही. दीर्घ दुखण्याने गांजलेल्या घरात राहिलेल्या माणसाला हा फरक किती मोठा आहे, ते वेगळं सांगायला नको.

अमिग्डाला काढून टाकला तर भीती जाईल?

अमेरिकेत आयोवा इथे एका स्त्रीचा अनेक वर्षं अभ्यास झाला. दुर्मीळ आनुवंशिक आजाराने तिचे दोन्ही अमिग्डाला नष्ट झाले होते. ‘मला साप आवडत नाहीत’ असं म्हणत ती पाळीव प्राण्यांच्या दुकानात साप हातात घेऊन कुरवाळत बसली. बाहेरच्या जगात मात्र धोका न ओळखल्याने ती पुन्हा पुन्हा जिवावरच्या प्रसंगात सापडली. पण 2013 मध्ये तिला आणि तसंच नुकसान झालेल्या आणखी दोघींना 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास दिला, तेव्हा तिघीही भीतीने कासावीस झाल्या. बाहेरून येणारी भीती आणि श्वास कोंडल्याची भीती यांच्या वाटा वेगळ्या आहेत. आणि भीती ही काढून टाकायची वस्तू नाही, हेही यातून दिसतंच.

भारतात यावर काम होतं का?

होतं, आणि अव्वल होतं. बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने 2002 मध्ये दाखवलं की उंदरांना रोज दोन तास, असं दहा दिवस जखडून ठेवलं तर हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या झडतात, पण अमिग्डालात त्या वाढतात. तोच ताण, तोच मेंदू आणि दोन जागी उलट परिणाम. पुढे कळलं की तीन आठवड्यांच्या विश्रांतीनंतर हिप्पोकॅम्पस सावरतो, अमिग्डालातली वाढ मात्र तशीच राहते. ताण संपला तरी चिंता का सरत नाही, असं कुणी विचारलं की मला हेच काप आठवतात.

मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांचा गट सेरोटोनिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन, लहानपणचा ताण आणि भावनांची सर्किटं यांवर काम करतो. चिंता कमी करणाऱ्या एका रसायनाचा परिणाम हिप्पोकॅम्पसच्या खालच्या टोकातल्या पार्व्हाल्ब्युमिन हे प्रथिन बनवणाऱ्या न्यूरॉनमार्फत होतो, हे त्यांनी अलीकडे उलगडलं.

या सगळ्यातून औषध कधी निघणार?

चिंतेवर वर्षानुवर्षं दिली जाणारी बेंझोडायझेपिनसारखी औषधं मेंदूभरच्या दडपणाऱ्या जोडण्यांवर एकदम काम करतात. चिंता उतरते, पण झोप येते, तोल जातो, सवय लागते. हवी ती पेशी नेमकी गाठता आली तर हे टळेल, ही आशा खरी आहे. पण उंदरांत चाललेली औषधं माणसांत पडल्याचा इतिहासही खरा आहे. सीआरएफ रोखणारी औषधं नैराश्य आणि चिंतेच्या चाचण्यांत अपेक्षेला उतरली नाहीत. ॲप्रेपिटंट या औषधाकडून नैराश्यावर मोठी आशा होती. आज ते केमोथेरपीच्या उलट्यांवर दिलं जातं. म्हणून मी कुणाला वर्ष सांगत नाही.

माझी चिंता कुठल्या न्यूरॉनमुळे आहे, हे एमआरआयमध्ये दिसेल का?

नाही. एमआरआयच्या एका ठिपक्यात लाखो न्यूरॉन मावतात. आडनाव सोडाच, माणूसच दिसत नाही, दिसतो तो जमाव. ‘स्कॅन करून भावना सांगतो’ असं कुणी म्हटलं तर पैसे देऊ नका. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कामात मन लागत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. उपचारासाठी न्यूरॉनचं नाव माहीत असावं लागत नाही.

उंदरांना त्रास देणं योग्य आहे का?

हा प्रश्न मला दर वेळी थांबवतो, आणि थांबवावाच. प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची परवानगी लागते: किती प्राणी, किती शॉक, का, हे लेखी पटवून द्यावं लागतं. माझी खंत आणखी एक आहे. वर्षानुवर्षं हे प्रयोग बहुतांशी नरांवर झाले. चिंतेचे विकार स्त्रियांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतात, आणि आमच्या याद्या मात्र नर उंदरांच्या. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने 2016 पासून दोन्ही लिंगांचा विचार करणं बंधनकारक केलं, तेव्हा कुठे चित्र बदलू लागलं. ज्या प्राण्याचा जीव घेतला, त्याच्यापासून अर्धंच उत्तर मिळवणं मला मान्य नाही.

प्रयोगशाळेशिवाय यातलं काही स्वतः पाहता येईल का?

येईल, आणि फुकट. ॲलन इन्स्टिट्यूटचा उंदराच्या मेंदूचा नकाशा इंटरनेटवर खुला आहे. सुमारे 20,000 जनुकं मेंदूत कुठे कुठे चालू असतात, त्याचे खऱ्या कापांचे फोटो त्यात आहेत. पीकेसी-डेल्टाचं जनुक (Prkcd) शोधा आणि मेंदूच्या मधल्या भागाचा आडवा (कोरोनल) काप उघडा. तुम्ही अमिग्डालातला इवलासा गडद ठिपका शोधायला जाल, पण डोळा आधी दुसरीकडेच जाईल. वर मधोमध थॅलॅमस त्याच जनुकाने काळाभोर झालेला दिसेल. तिथल्या पेशींचा आडनावापुरताच या पेशींशी संबंध आहे. मग खाली, बाहेरच्या बाजूला सरकत या. अमिग्डालात तो ठिपका सापडेपर्यंत फोटो मोठा करत राहा.